गोमाजीची डावी कूस

मनुबाई कोळणीने ही गोष्ट कुणालाही सांगायची नाही असं मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून वागळे इस्टेटीत मासळी विकून ती परत आली, तेव्हा वाटेत फक्त सहा घरी थांबली. दिवेलागणीला चेंदणी कोळीवाड्यात ही बातमी माहीत नसलेलं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे जिच्या नवऱ्याची ही बातमी होती ती आवडाबाई. ती उणीवही मनुबाईने घरी जाता जाता भरून काढली.

"आवडे, मनाला लावून घेऊ नको हां," ती उंबऱ्यात टेकत म्हणाली.

आवडाबाईने हातातली कोयती खाली ठेवली. "काय झायलं?"

"तुजा दादला माजिवड्याला कपाटाच्या कामाला जातंय ना?"

"जातंय. पंदरा दिस झायले."

"माजिवड्याला नाय जात. वागळे इस्टेटीत जातंय. एसीच्या खोलीत. मी काचेतून बगितला. डोक्यावर बादली, डोलं झाकलेलं, पाठीमागं ही जाडी वायर लोंबते. आन् हात हवेत असा, असा, असा! समोर एक पोरगी उभी. ती सांगते, 'खाली काका, अजून खाली.' आन् हा वाकतंय!"

आवडाबाईने पदराला हात पुसले. मग तिने विचारलं, "बादली कसल्या रंगाची?"

"काली."

आवडाबाईने मोरीत डोकावून बघितलं. घरातली निळी बादली जागेवर होती. म्हणजे निदान चोरीचा मामला नव्हता. उरल्या तीन शक्यता: अंगात येणं, दारू, नाहीतर ती पोरगी. तिन्हींपैकी कुठलीही गोमाजीच्या नावावर आजवर जमा नव्हती, पण छप्पन्नाव्या वर्षी माणूस कुठून कुठे जाईल याचा काय नेम?

गोमाजी आला तसं तिने त्याला पाणी दिलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "कपाट झायलं?"

"अर्धं झायलं."

"बादलीत मावंल ना?"

गोमाजीने भांडं खाली ठेवलं. एवढी वर्षं त्याने सगळ्या जगावर संशय घेतला होता. स्वतःवर कुणी घेतला तर तोंड कसं करायचं याची त्याला सवय नव्हती.

गोमाजी खाडीच्या काठी होड्या बांधायचा. त्याचा बाप बांधायचा, आजा बांधायचा. ठाण्यापासून पार डोंबिवलीच्या मोठागावापर्यंत त्याच्या होड्या पाण्यात होत्या. काम असं, की होडीत बसलेला माणूस तिला विसरून जावा. पण संशय हा त्याचा दुसरा धंदा. वखारीतलं लाकूड तो जिभेने चाखून बघायचा, कारण वास तर चोपडूनही आणता येतो. गल्लीत एसटीडीचा बूथ आला तेव्हा तो फोनवर कुजबुजायचा, कारण वायर पोलीस चौकीवरून गेलेली होती. पलीकडच्याला काही ऐकू जायचं नाही, तो बिचारा "काय? काय?" करून फोन ठेवायचा, आणि गोमाजीला वाटायचं, बघा, कापला. एक्याण्णवच्या जनगणनेला आलेल्या मास्तरांना त्याने घरातली एक खोली कमी सांगितली. का, ते मास्तरांनाही कळलं नाही आणि त्यालाही नाही.

या सगळ्या संशयांच्या मुळाशी मात्र एक खरी गोष्ट होती. गोमाजीच्या घरातलं एक माप होतं. होडीची नाळ, म्हणजे पाणी कापणारं पुढचं टोक. तिथून तिसरी बरगडी. या तिसऱ्या बरगडीला फुगवटा किती द्यायचा, हे फक्त या घराला ठाऊक. त्या फुगवट्यामुळे होडी भरल्या जाळ्यानेही कलत नसे. ते माप कधी कागदावर चढलं नाही, भिंतीवर नाही, पट्टीवर नाही. बाप मुलाला ओहोटीच्या चिखलात उभं करायचा, त्याचे दोन्ही हात धरून हवेत पसरायचा, कोपर इथं, पंजा इथं, असं लावून द्यायचा आणि म्हणायचा, "हे. आता हात खाली घे." एवढंच शिक्षण. गोमाजीला मुलगा नव्हता. दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या. ते माप आता त्याच्या एकट्याच्या खांद्यांत होतं. त्यावर त्याचं पोट होतं, आणि पोटाहून जास्त, त्याची ऐट.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर खाडीवर गुप्ते साहेब आले. हे अमेरिकेत बारा वर्षं काढून आलेले ठाण्याचेच गृहस्थ; वागळे इस्टेटीत त्यांनी कॉम्प्युटरची कंपनी काढली होती. बरोबर सरोज नावाची पोरगी होती, ठाकुर्लीची, तेवीस-चोवीस वर्षांची. तिचे वडील चांगदेव रेल्वेच्या वर्कशॉपात जन्मभर यंत्रांचे नकाशे काढत होते, आणि पोरीचा हातही त्यांनीच वळवलेला. दोघांनी अर्धी बांधलेली होडी चहूबाजूंनी बघितली.

"याचा नकाशा आहे का हो?" गुप्ते म्हणाले.

"नाय."

"मग काढून द्याल?"

"आमच्याकडं कागदावर काढत नाय."

यावर गुप्ते असे हसले, की गोमाजीला तेव्हाच काहीतरी खटकलं. "उत्तम! आमच्याकडेही कागद नाही. तुम्ही हवेत काढायचं."

गोमाजीने रात्रभर विचार केला. बापाने मना केलं होतं कागदाला. भिंतीला. पाटीला. हवेला कुणी मना केलं नव्हतं. उलट बापाने स्वतःच हवेत दाखवलं होतं. हवेतली रेघ हात खाली घेतला की संपते. मग हरकत काय? रोजी चांगली होती. शिवाय हा माणूस हवेतल्या रेघेचे पैसे का देतो, हा संशय फेडायचा तर तिथे जायलाच हवं होतं. बायकोला मात्र त्याने माजिवड्याचं कपाट सांगितलं, कारण आवडाबाईला सांगणं म्हणजे मनुबाईला सांगणं. मनुबाईला आवडाबाईचा आडपडदा लागतच नाही, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी सरोजने त्याच्या डोक्यावर ते जड काळं यंत्र चढवलं. गुप्ते त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव घ्यायचे, व्हर्च्युअल रिॲलिटी का काय. गोमाजी टोपडं म्हणायचा. टोपड्याच्या आत डोळ्यांसमोर दोन चिमुकले पडदे होते आणि त्यांत एक रिकामी करडी खोली दिसत होती. मान वळवली की खोलीही वळायची. हातात जाड पेनासारखं काहीतरी दिलं होतं. त्याचं बटण दाबून हात फिरवला की हवेत पिवळी रेघ उमटायची आणि तिथेच तरंगत राहायची.

"आता होडीचा कणा काढा," सरोज म्हणाली.

गोमाजीने सरळ रेघ ओढली. रेघ शेवटी शेवटी उजवीकडे वाकली. पुन्हा ओढली, पुन्हा वाकली. तिसाव्या वर्षापासून ज्याने सरळ रेघ चुकवली नव्हती, तो घामाघूम झाला. "तुजं यंत्र खोटं हाय."

सरोजने खोलीभर शोध घेतला. शेवटी तिने गोमाजीची पिशवी उघडली. आत लाकूड तासायचा वाकस होता, चांगला दोन किलोचा. "काका, हे लोखंड आहे. लोखंड जवळ असलं की यंत्राचा अंदाज चुकतो. हे बाहेर ठेवू?"

"नको."

"का?"

"तुमी दोघं, मी एकटा. डोलं झाकलेलं."

सरोज हसून हसून खुर्चीत बसली. शेवटी वाकस शिपायाच्या टेबलावर ठेवायचं ठरलं, दार उघडं ठेवून, गोमाजीला टोपडं वर करून मधून मधून बघता येईल असा.

चार दिवसांनी सरोजने त्याला तिने स्वतः काढलेली होडी दाखवली. समोरून बघितली तर देखणी. गोमाजी दोन पावलं चालून बाजूला गेला आणि थांबला. बाजूने ती होडी म्हणजे वादळात सापडलेलं जाळं होती. एक रेघ पुढे, एक मागे, एक भलतीकडेच.

"पोरी, ही होडी का भजी?"

सरोजला राग आला नाही. "तोच घोळ आहे काका. बाबांनी मला कागदावर शिकवलं. कागदावर रेघ वर-खाली नाहीतर डावी-उजवी. इथे ती पुढे-मागेही पळते, आणि समोरून ते कळतच नाही. हात टेकायलाही काही नाही. दहा मिनिटांत खांदा भरून येतो."

"समोर उभी राहून काढशील तर असंच होनार. आधी सूत बांद."

"कुठे बांधू? हवा आहे."

"नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एक रेघ. तीच सूत. बाकी सगलं तिला टांगायचं. आन् हातानं रेघ मारू नको, पायानं मार. कोपर कुशीला चिकटव, हात नुसता पुढं धर, आन् तू चाल. होडी जेवडी लांब, तेवडी चाल. बरगडी काढताना गुडग्यात वाक, हात खाली नेऊ नको, आपुन सोता खाली जा. एक रेघ झाली की पलीकडं जा, बस, खालून बग. मग दुसरी."

सरोजने टोपडं घालून तसं केलं. मनुबाईने काचेतून बघितलेलं वाकणं ते हेच, फक्त त्या वेळी टोपडं गोमाजीच्या डोक्यावर होतं आणि सूचना सरोजच्या तोंडात होत्या. आठवड्याभरात कोण कुणाला शिकवतंय याचा पत्ता लागेनासा झाला होता. तिनेही त्याला एक गंमत दाखवली. एक कळ दाबली आणि अख्खी होडी आंब्याच्या पानाएवढी होऊन त्याच्या तळहातावर आली. गोमाजीने घाबरून हात झटकला. "आखडली! होडी आखडली!" मग दुसरी कळ, आणि होडी एवढी मोठी की तो तिच्या आत उभा. बरगड्या डोक्यावरून गेलेल्या, जणू एखाद्या मोठ्या माशाच्या पोटात. छप्पन्न वर्षांत त्याने होडी अशी आतून कधी बघितली नव्हती. त्याला ती आवडली. आवडली म्हणूनच त्याचा संशय वाढला.

हे सगळं नंतरचं. पहिल्या दिवशी त्याने कणा काढला आणि उजवी कूस, म्हणजे होडीचं उजवं अंग, पूर्ण काढली, तिसऱ्या बरगडीसकट, कारण हवेतली रेघ ती, संध्याकाळी संपणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपडं चढवलं, आणि त्याने ते काढून पुन्हा चढवलं. कालची उजवी कूस जिथल्या तिथे तरंगत होती. एक रेघही हललेली नव्हती. बापाच्या, आजाच्या घरातला तो फुगवटा पिवळाधमक, उघडा, कुणीही यावं आणि बघावं असा.

"ही काल पुसली नाय?" त्याने शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

"पुसायची कशाला? साठवून ठेवली. कॉम्प्युटर सगळं साठवतो." सरोज खूश होती. "आता डावी कूस काढायचीही गरज नाही. मी आरसा लावते. उजवी जशी, तशीच डावी आपोआप येईल. बघा."

गोमाजीचं डोकं गलबतासारखं हललं. उजवी तर गेली. आता डावी तरी हातची जाऊ द्यायची नाही. "आरसा नको," तो म्हणाला. "होडीच्या दोन कुशी सारख्या नसतात."

"नसतात?"

"कदीच नसतात."

आणि त्याने डावी कूस हाताने काढली. कणा खरा, बरगड्या खऱ्या, फक्त तिसरीचा फुगवटा दोन बोटं कमी. एवढासा. कुणी चोरून होडी बांधलीच, तर ती डावीकडे कलेल. जाळं त्या अंगाने ओढलं तर पालथी होईल. चोराला धडा. गोमाजीला त्या दिवशी फार दिवसांनी गाढ झोप लागली.

तिसऱ्या दिवशी सरोज होडीच्या आत बसून बराच वेळ वर बघत होती. "काका, डावीकडची तिसरी दोन बोटं आत आहे."

"हाय ना."

"का?"

गोमाजीने उत्तर पटकन बांधलं. "ओहोटीचं पाणी डावीकडनं मारतं."

"आणि परत येताना?"

त्याने तेही बांधलं. "परत येताना भरती असते."

सरोजने टोपडं काढून त्याच्याकडे बघितलं. मग तिने वही उघडून ते लिहून घेतलं, अगदी नीट, तारीख घालून. गोमाजीला वाटलं, फसली. पण तिचं ते बघणं त्याच्या डोक्यात अडकून राहिलं.

गुप्ते साहेब मात्र वेडे व्हायचे बाकी होते. त्यांनी भिंतीवर बोर्ड लावला: खाडीच्या प्रवाहाशी जुळवून घेणारी पिढीजात असमान रचना. पाहुणे यायला लागले. प्रत्येकाला टोपडं घालून डाव्या कुशीत उभं करायचं, आणि गुप्ते बाहेरून सांगायचे, "हे कुठल्याही पुस्तकात नाही!" हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

एवढं सगळं गोमाजीने आवडाबाईला त्या संध्याकाळी सांगितलं, आडवळण न घेता, कारण बादलीचा विषय निघाल्यावर दुसरा मार्ग नव्हता. आवडाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी अंगात नाय आलेलं."

"नाय."

"दारू नाय."

"नाय ग."

"आन् पोरगी?"

"माज्या धाकटीच्या वयाची हाय. डब्यात रोज मेथी आणते."

"मग तिला सुकट देत जा," आवडाबाई म्हणाली आणि तिच्याकडून विषय संपला. डाव्या कुशीचं ऐकून तर ती खो खो हसली. नवराबायकोने त्या रात्री गुप्ते साहेबांच्या बोर्डावर इतकं तोंडसुख घेतलं, की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली.

हसू दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी मोठागावाहून आवडाबाईचा धाकटा भाऊ दामाजी आला, हातात पेढ्यांचा पुडा.

"दाजी, तोंड उगडा! पयली होडी माजी!"

"कसली होडी?"

"फायबरची! एक कंपनी साचा बनवते हाय. नुसती ओतायची, वाळली की पाण्यात. ना गळती, ना डांबर. मी पयला नंबर लावला. का लावला विचारा."

"का लावला?"

"कारण माप तुमचं हाय! तो गुप्ते बोलला, डिझाईन चेंदणीच्या गोमाजींचं. म्हटलं, आपल्या दाजींच्या मापावर डोलं मिटून बसायचं. डोलं मिटून!"

पेढा गोमाजीच्या हातातच राहिला. दामाजी डावखुरा होता. जन्मभर जाळं डाव्या अंगाने ओढणारा, आणि बरोबर बायको, ठमाबाई, जिला पोहता येत नाही.

दामाजी जाईपर्यंत आवडाबाई पेढ्यांचा पुडा बांधत राहिली. मग ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "चोराला धडा देत होते ना? माजा भाव चोर हाय?"

"मना काय ठावं, त्यांनी साचा—"

"आताच्या आता जा."

"आता ऑपिस बंद असंल."

"मग उद्या उगडायच्या आदी जा. आन् खरं सांगून ये. नाय सांगितलं तर मी जाते, मनुबाईला घेऊन."

या धमकीपुढे काय टिकणार? गोमाजी सकाळी साडेआठलाच वागळे इस्टेटीत फाटकाशी उभा. गुप्ते आले, त्यांच्यामागे सरोज. तिघं आत गेले, वाकस सवयीने शिपायाच्या टेबलावर गेला.

"सायेब, डावी कूस खोटी हाय."

गुप्ते थांबले. मग त्यांनी समजुतीने गोमाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "गोमाजीराव, मी समजू शकतो. साचा होणार म्हटल्यावर पोटात कालवलं. साहजिक आहे. घराण्याची विद्या आहे."

"विद्या नाय, लबाडी हाय. मी मुद्दाम कमी केली."

"ओहोटीचं पाणी डावीकडून येतं, हे तुम्हीच सांगितलंत. नोंद आहे."

"तेबी खोटं."

"हो का?" गुप्ते हसले, अगदी तसंच, जसे खाडीवर हसले होते. "आता तुम्ही म्हणणार, आरसा लावून दोन्ही कुशी सारख्या करा. म्हणजे आमची होडी साधी, चार जणांसारखी. आणि अस्सल माप तुमच्याकडे. गोमाजीराव, मीसुद्धा ठाण्याचाच आहे."

आयुष्यात पहिल्यांदा गोमाजी धडधडीत खरं बोलत होता आणि समोरचा माणूस त्याचा एक शब्द मानत नव्हता. त्याने मदतीसाठी सरोजकडे बघितलं. ती टेबलाला टेकून उभी होती.

"काका, समजा डावी खोटी," ती सावकाश म्हणाली. "मग उजवी तरी खरी कशावरून?"

"उजवी पयल्या दिवशीची हाय! तवा मना साठवणं-बिठवणं ठावं नव्हतं!"

"असं तुम्ही म्हणता."

आता मात्र पुरावा द्यायचा तर एकच होता, आणि तो देणं म्हणजे घरचं माप देणं. त्याला सगळं एकदम दिसलं: दामाजी, ठमाबाई, पाण्याच्या कडेला कललेली ती पांढरी फायबरची होडी. आणि दुसऱ्या बाजूला बापाचे ते चिखलातले हात. मग त्याने शिपायाच्या टेबलावरून आपला वाकस उचलला, कारण आज तो तिथे ठेवून जाणं त्याला बरं वाटलं नाही, आणि सरोजला म्हणाला, "चप्पल घाल. खाडीवर चल. वही नको."

ओहोटी होती. अर्धी बांधलेली होडी टेकांवर उभी होती. काठावर आवडाबाई होती, आणि अर्थातच मनुबाई, टोपलीत काही नसताना. गोमाजीने सरोजला चिखलात उभं केलं. पाय रुतल्यावर ती शहारली.

"हात पुढं कर. दोनी." त्याने तिची कोपरं धरून कुशीला लावली, मनगटं बाहेर काढली, पंजे वळवले. "खांदा सैल. इतं. नाय, इतं. हे." मग तिला तसंच चालवत होडीपाशी नेलं आणि तिसऱ्या बरगडीत बसवलं. दोन्ही पंजे दोन्ही बाजूंना लाकडाला एकदमच टेकले. ना दाबावं लागलं, ना ताणावं लागलं. सरोजने श्वास रोखून धरला होता.

"ध्यानात आलं?"

"आलं."

"मग आता हात खाली घे."

मनुबाईच्या तोंडून त्या क्षणी एक शब्द फुटला नाही, आणि याची कोळीवाड्यात पुढे फार चर्चा झाली.

दुपारी सरोजने टोपडं चढवलं. गुप्ते पडद्यासमोर उभे. ती हवेतल्या होडीत शिरली, तिसऱ्या बरगडीत उभी राहिली आणि हात पसरले. उजवा पंजा पिवळ्या रेघेवर अलगद बसला. डावा रेघेच्या बाहेर दोन बोटं लोंबकळत राहिला. ती वळली, उलट तोंड करून पुन्हा उभी राहिली. तेच, डाव्या कुशीकडचा पंजा बाहेर. सरोजने आरशाची कळ दाबली, डावी कूस विरघळली आणि उजवीची जुळी तिच्या जागी येऊन बसली. थोड्या वेळाने गुप्त्यांनी स्टुलावर चढून भिंतीवरचा बोर्ड काढला आणि तो कुठे ठेवावा हे न सुचून हातातच धरून उभे राहिले. गोमाजीला त्यांची किंचित कीव आली. किंचितच.

पौष संपता संपता दामाजीची होडी मोठागावच्या खाडीत उतरली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, मीठ लागलेल्या बोटांनी हात लावावासा वाटू नये अशी. नारळ फुटला. ठमाबाई आत बसायला पुढे झाली, तर गोमाजीने तिला मागे ओढलं.

"आदी मी. एकटा."

"दाजी, आता कसला डाऊट? माप तुमचंच!"

"म्हणून तर."

तो वल्ही मारत मधोमध गेला, वल्ही वर घेतली आणि हात मांडीवर ठेवून बसला. होडी सरळ चालली होती. तो डावीकडे सरकला, कडेवर सगळा भार टाकला. होडी थोडी वाकली आणि सावरली. काठावर दामाजीने शिट्टी मारली. गोमाजी परत आला, पण लगेच उतरला नाही. वाकून दोन्ही कुशींवरून तळहात फिरवला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"आता तरी पटलं?" आवडाबाई काठावरून ओरडली. "का चाखून बगायची हाय?"

सरोज एक फेरी मारून आली, पेढे वाटून झाले, दामाजी आणि ठमाबाई पाण्यात गेली, तेव्हा गोमाजी सरोजशेजारी येऊन उभा राहिला. मनातला प्रश्न त्याला महिनाभर खात होता. "पोरी, एक सांग. त्या दिशी 'परत येताना?' विचारलंस ना, तवाच तुला कललं होतं. कललं होतं ना? माप काढून घ्यायला मना खेलवलंत?"

सरोज पाण्याकडे बघत होती.

"काका, मी आधी विचारते," ती म्हणाली. "ही होडी सरळ जाते, कलत नाही, सगळं झकास. पण तुमची लाकडाची याहून हलकी वळते. मी दोन्हींत बसून बघितलं. तिसरी बरगडी तर तीच आहे. मग ते हलकं वळणं कुठल्या बरगडीत आहे?"

गोमाजीने खाडीकडे बघितलं, मग आभाळाकडे, मग बायकोकडे. आवडाबाई अचानक टोपलीतले रिकामे पुडे मोजायला लागली होती.

"लाकडात," तो म्हणाला. "लाकूड हलकं असतं."

"फायबर जास्त हलकं असतं काका."

"तसं म्हनतात," गोमाजी म्हणाला, आणि पाणी उतरायच्या आत घरी पोचायला हवं म्हणून धोतराचा काचा खोचत झपाझप चालू लागला. सरोज त्याच्या पाठोपाठ निघाली. चालताना तिने दोन्ही कोपरं कुशीला चिकटवलेली होती, आणि तिची नजर त्याच्या खांद्यांवरून हलत नव्हती.